लेकीच्या गावातली गाडी

सप्टेंबरमध्ये कोथरूडला परत आल्यापासून सोसायटीच्या बाकावर, वाण्याकडे, एकदा तर दाताच्या दवाखान्यातही एकच प्रश्न आला, "तिकडे गाडी घेतलीत म्हणे?" दर वेळी तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि जे दर उन्हाळ्यात तीन-चार महिने तिकडे मुक्कामाला असतात, त्यांना यातलं काहीतरी उपयोगी पडेल. गाडी घेतली हे खरं. पण ती आमच्या नावावर नाही, आणि आमच्या नावावर नाही म्हणूनच ते सगळं जमलं.

आमची लेक सई आणि जावई निनाद इंग्लंडमध्ये, ब्रिस्टॉलच्या उत्तरेला, ब्रॅडली स्टोकमध्ये राहतात. आमचा व्हिसा पाच वर्षांचा आहे, एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. २०२३ पासून तीन उन्हाळे आम्ही तिथे काढले. दोघांच्या नोकऱ्या, नात पाळणाघरात, घरची एकच गाडी निनाद कामाला घेऊन जायचा. आम्ही दोघं दिवसभर घरात. पायी जाण्यासारखं एक सुपरमार्केट आणि एक तळं. तळ्याला पहिल्या आठवड्यात रोज फेरी मारली, दुसऱ्या आठवड्यात बदकंसुद्धा ओळखायला लागली. यांना काचबिंदू आहे, २०१९ पासून हे गाडी चालवत नाहीत. चालवणारी मी. मारुती ८०० पासून चालवते आहे, घाटातही चालवते, त्यामुळे "आई, तुला जमेल का?" हा प्रश्न सईने विचारला नाही, याचं मला बरं वाटलं.

पहिला उन्हाळा, २०२३

निघायच्या आधी आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला. खरं तर तिथे पाहुण्यांना आपलं इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स पोचल्यापासून १२ महिने चालतं, आयडीपी कायद्याने लागत नाही. पण भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर कोण बसलंय यावर ते अवलंबून असतं असं निनाद म्हणाला, म्हणून काढून ठेवला. सारथी पोर्टलवर अर्ज, १,००० रुपये शुल्क, डॉक्टरांकडून फॉर्म १ए, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती. मग संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन मूळ कागद दाखवायचे. एका एजंटाने साडेतीन हजार सांगितले होते. मी स्वतः दोन फेऱ्यांत केलं. पहिली फेरी वाया गेली ती माझ्याच चुकीने, तिकिटाची छापील प्रत न्यायला विसरले होते. मोबाइलवर दाखवते म्हटलं तर चाललं नाही. आणखी एक : साठीत लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि लायसन्स संपलं की त्याच्याबरोबर आयडीपीही संपतो. आधी लायसन्सची तारीख बघा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली गाडी बुक केली, तीन दिवसांसाठी. काउंटरवर पोचलो, कागद ठीक, लायसन्स ठीक. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड मागितलं, यांनी स्वतःचं पुढे केलं. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, कार्ड गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं हवं. माझ्याकडे होतं ते फॉरेक्स कार्ड. तेही चालेना. सई ऑफिसात. बॅगा, थेपल्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही दोघं बसने घरी परतलो. बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईच्या नावावर स्वतःचं क्रेडिट कार्ड नसावं, याचं यांना फार हसू आलं. मला त्या दिवशी आलं नाही.

कार्ड पुण्याहून कुरियरने यायला साडेतीन आठवडे गेले. मर्यादा मुद्दाम वाढवून घेतली, कारण भाड्याखेरीज हजार-बाराशे पाउंड कार्डावर अडकवून ठेवतात. गाडीला काही झालं तर तेवढी रक्कम आपल्या खिशातून, त्याला ते 'एक्सेस' म्हणतात. ती रक्कम शून्य करायची असेल तर काउंटरवर दिवसाला अठरा-वीस पाउंड जादा मागतात. हेच संरक्षण बाहेरून वर्षाच्या पॉलिसीने स्वस्तात मिळतं असं ऐकलं होतं, पण सईने दाखवलेल्या दोन्ही पॉलिसींत 'युकेचे रहिवासी' ही अट होती. आम्ही रहिवासी कोथरूडचे.

त्या साडेतीन आठवड्यांत एक शहाणपणाची गोष्ट केली. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंकडून दीड तासाचा एक धडा घेतला, ६० पाउंडांना. वाहतूक डावीकडूनच, त्यामुळे मला वाटलं होतं काय शिकायचंय. शिकायचं होतं ते चौकातलं. तिथल्या गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तो खरंच त्या भरवशावर वेग कमी न करता येतो. आपण 'घुसतो', तिथे 'थांबतो'. दुसरं, दोन झुडपी भिंतींमधले एका गाडीच्या रुंदीचे गावरस्ते. समोरून ट्रॅक्टर आला की जवळच्या रुंद जागेपर्यंत कुणीतरी मागे जायचं. सिंहगडाच्या घाटाने इथे थोडा हात दिला. चांदणी चौकातल्या पुलांचा मात्र काही उपयोग झाला नाही, कारण ब्रिस्टॉलमध्ये पाट्या वाचून जाता येतं.

त्या वर्षी सुट्या सुट्या मिळून १९ दिवस गाडी भाड्याने घेतली. चेडरची घळ, टिंटर्नचा मठ, वेस्टनचा समुद्र. समुद्र म्हणजे ओहोटीला मैलभर चिखल, पण नातीला चिखलच हवा होता. ऑगस्टमध्ये गाडी परत करताना डाव्या चाकाच्या रिमवर फुटपाथ घासल्याची खूण निघाली. माझीच होती का आधीची, आजही सांगता येणार नाही, कारण घेताना मी फोटो फक्त दारांचे काढले होते. दुरुस्ती आणि हाताळणी मिळून १८५ पाउंड गेले. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना चारही चाकं, पुढची काच, छत आणि पेट्रोलचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढते आणि तो सईला पाठवते, म्हणजे वेळ-तारीख राहते.

हिशोबाची वही यांच्याकडे असते. १९ दिवस, १,०६८ पाउंड, पेट्रोल सोडून. दिवसाला ५६.

दुसरा उन्हाळा, २०२४

या खेपेला हुशारी केली. जुलैत सलग २१ दिवस गाडी घेतली, दर उतरला. वर वेगवेगळ्या शनिवार-रविवारचे १० दिवस. एकूण ३१ दिवस, १,४२० पाउंड, म्हणजे दिवसाला ४६ च्या आत. पण वहीत यांनी शेजारी लाल शाईने लिहिलं होतं : 'उभी : ९ दिवस'. पाऊस, नातीचा ताप, माझी पाठ. भाडं मोजत गाडी दारात उभी असली की मनाला एक घाई लागते, कुठेतरी जायलाच हवं अशी. सुट्टीवर असूनसुद्धा आपण मीटर टाकलेल्या रिक्षात बसलोय असं वाटत राहतं.

वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल झाली आहे. ब्रिस्टॉलहून पूल ओलांडला की वेल्स. टोल २०१८ च्या डिसेंबरातच बंद झालाय, त्यामुळे आपण दुसऱ्या प्रांतात आलोय हे कळतही नाही. पाट्यांवर अचानक दोन भाषा दिसू लागल्या की पाय वर घ्यायचा. तिथे मी सांभाळलं, आणि फसले ते शहरात, बसच्या राखीव लेनमध्ये. कळलं कधी? ऑक्टोबरमध्ये, पुण्यात, दिवाळीची साफसफाई चालू असताना. आधी भाड्याच्या कंपनीने नुसता आमचा पत्ता कळवण्याबद्दल कार्डावर ४२ पाउंड लावले, मग दंडाची नोटीस वेगळी. चौदा दिवसांत भरला तर दंड निम्मा होतो, पण नोटीस सईच्या पत्त्यावर फिरत फिरत आली, मुदत संपायला दोन दिवस उरले होते. सईने भरला. मी लेनच्या पाट्यांचे फोटो इंटरनेटवर शोधून तासभर बघत बसले. चूक माझीच होती.

पुण्यातला हिवाळा आणि 'आपली गाडी'

विकत घ्यायची कल्पना यांची. "अहो, चौदाशे पाउंड दर वर्षी वाऱ्यावर," हे म्हणाले, "चार वर्षांत गाडी आली असती." गणित इतकं सरळ वाटलं की मी डिसेंबरपासून वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती रोज रात्री बघू लागले. आमचा बेत असा : पाच-सहा हजारांची छोटी गाडी आमच्या पैशांनी घ्यायची, मे ते सप्टेंबर वापरायची, उरलेले महिने झाकून ठेवायची. आमच्या सोसायटीत अमेरिकेतल्या मंडळींच्या निदान तीन गाड्या अशाच झाकून उभ्या आहेत.

जानेवारीच्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर निनादने या बेतातली एकेक वीट काढली. तो कधी आवाज चढवत नाही, "आई, बघा ना" एवढंच म्हणतो.

पहिली वीट : तिथे गाडी वापरा न वापरा, रस्त्यावर उभी असेल तर कर भरलेला आणि विमा चालू असलाच पाहिजे. दोन्हींतून सुटका हवी तर गाडी 'सॉर्न' करायची, म्हणजे रस्त्यावर नाही असं सरकारला कळवायचं. ते फुकट आहे, ऑनलाइन होतं. पण मग ती खरोखर रस्त्यावर नको, खाजगी जागेत हवी. सईच्या घरासमोर खाजगी जागा एकाच गाडीची. दुसरी गाडी रस्त्याच्या कडेलाच लागते. म्हणजे झाकून ठेवायची सोयच नाही. "शेजाऱ्यांच्या दारात?" असं मी विचारलं. चार सेकंद कुणी काही बोललं नाही.

दुसरी वीट : आठ महिने उभ्या गाडीची बॅटरी. आम्हाला ऑटोमॅटिक हवी होती, आणि छोट्या ऑटोमॅटिकमध्ये हायब्रिड बऱ्या. पण हायब्रिडमध्येही एक साधी बारा व्होल्टची बॅटरी असते, ती उतरली की गाडी जागी होत नाही. कुणीतरी दर पंधरवड्याला चालवायला हवी. कुणीतरी म्हणजे कोण, ते त्याने बोलून दाखवलं नाही.

तिसरी वीट सगळ्यात जड होती : विमा. भारतीय लायसन्स, तिथला शून्य इतिहास. इथे मला किती वर्षं क्लेम नाही याला तिथे किंमत नाही. वर्षाच्या पॉलिसीसाठी कायमचा रहिवासी हवा असतो. मी सरळ उपाय सुचवला, पॉलिसी सईच्या नावाने काढू, मला जोड चालक म्हणून घालू, चालवणार मीच. तर म्हणे त्याला तिथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती विमा कंपनीची फसवणूक धरली जाते. खरोखर जास्त कोण चालवतो तोच मुख्य चालक लिहायचा. खोटं निघालं तर अपघाताच्या दिवशी पॉलिसी रद्द, आणि ठपका सईवर, तोही तिथे आयुष्यभर विमा घ्यायचा असलेल्या सईवर. बँकेत अशा 'नाव एकाचं, व्यवहार दुसऱ्याचा' प्रकरणांच्या फायली मी स्वतः तपासल्या आहेत. गप्प बसले.

पंधरा दिवस विषय बंद होता. मग सईचाच फोन आला. नातीचं पाळणाघर बदलणार होतं, नवीन होतं ते चार मैल लांब. डिसेंबरच्या पावसात दोन बस बदलून सोडायला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. "आई, आम्हालाच दुसरी गाडी लागणार आहे. तुम्ही आहात तेव्हा तू चालव." हे वाक्य आधी कुणाला सुचलं नव्हतं, कारण आम्ही 'आपली गाडी' या शब्दाला धरून बसलो होतो.

मग वाटणी ठरली. गाडी सईची, कागद सईचे, मुख्य चालक सई, वर्षातले आठ महिने रोज चालवणारी तीच. खरेदीत ४,००० पाउंड आमचे, बाकी त्यांचे. चालू खर्च निम्मा-निम्मा. पैसे इथून एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, नातेवाइकाला भेट म्हणून पाठवले. बँकेत फॉर्म ए२, पॅन, आणि सईचा खाते क्रमांक दोनदा ताडून. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या पाठवणुकीवर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागत नाही, पण वर्षभरातल्या सगळ्या पाठवणुकी एकत्र मोजतात हे लक्षात ठेवा. बँकेचा दर बाजारभावापेक्षा पाउंडामागे दीड-दोन रुपये जास्त होता. मी एकतीस वर्षं पलीकडच्या खुर्चीत होते, तरी घासाघीस केली. पाऊण रुपया सुटला.

मे २०२५ : खरेदी

२६ एप्रिलला पोचलो. गाडी बघायला लागल्यावर मला सगळ्यात आवडलं ते तिथल्या सरकारी संकेतस्थळावरचं एमओटीचं पान. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी रस्त्यावर चालायला योग्य आहे की नाही याची तपासणी सक्तीची, त्याला एमओटी म्हणतात. मोटारीला जास्तीत जास्त ५४.८५ पाउंड घेता येतात. नंबर प्लेट टाकली की प्रत्येक वर्षीचा निकाल, त्या दिवशीचे मैल, आणि 'पुढच्या वेळी बघा' म्हणून दिलेल्या सूचना, सगळं फुकट दिसतं. आपल्याकडे जुनी गाडी घेताना मेकॅनिकला बरोबर नेऊन त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. इथे मी रात्री पलंगावर बसून चाळीसेक गाड्यांची पत्रिका पाहिली. दोन गाड्यांचे मैल मधल्या वर्षी कमी झालेले दिसले. त्या बाद.

पहिली प्रत्यक्ष पाहिलेली एका खाजगी मालकाची होती. स्वच्छ, स्वस्त, पण एमओटीत सलग दोन वर्षं गंजाची सूचना. दुसरी डिझेल. ब्रिस्टॉलच्या मध्यभागी २०२२ च्या नोव्हेंबरपासून स्वच्छ हवा क्षेत्र आहे. धुराच्या 'युरो ६' निकषापेक्षा जुनं डिझेल असेल तर आत शिरल्याचे दिवसाला ९ पाउंड. पेट्रोल युरो ४ असलं तरी चालतं, म्हणजे साधारण २००६ नंतरचं. हे तपासल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नका. विकणारा आपणहून सांगत नाही.

तिसरी टोयोटा यारिस हायब्रिड, २०१५ ची, ६१ हजार मैल, एका छोट्या डीलरकडे, ७,६५० पाउंड. खाजगी मालकाकडून अशीच गाडी पाच-सातशेने कमी मिळाली असती. पण डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने मोठा दोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता येते. खाजगी विक्रीत 'जशी आहे तशी'. सईचा नवीन रोजचा प्रवास, मागे लहान मूल. आम्ही जादा पैसे दिले. वर्षाबद्दलही एक गंमत आहे. एप्रिल २०१७ पासून नोंदलेल्या बहुतेक गाड्यांना २०२५ मध्ये वर्षाला १९५ पाउंड कर होता. त्याआधीच्या गाड्यांचा कर धुराच्या प्रमाणावर. या यारिसचा कर मार्च २०२५ पर्यंत शून्य होता, एप्रिल २०२५ पासून २० पाउंड. म्हणजे तीच गाडी तीन वर्षं नवी घेतली असती तर दर वर्षी १७५ जास्त. यांनी वहीत याला दोनदा अधोरेखित केलं.

कर्ज थकीत आहे का, चोरीची आहे का, अपघातात बाद झालेली आहे का, याची तपासणी वीस पाउंडांत ऑनलाइन केली. निनादने चालवून पाहिली, मग मी, तळ्याच्या रस्त्याने. घासाघीस सईला लाजिरवाणी वाटत होती, म्हणून ती बाहेर थांबली. ७,४०० ला ठरलं, टाकी भरून. टाकी भरून घ्यायचं यांनी सुचवलं.

मग विमा. दोन दिवस, सात फोन. तीन कंपन्यांनी भारतीय लायसन्स ऐकल्यावर नम्रपणे नकार दिला. घरचा नो क्लेम बोनस निनादच्या गाडीला लागलेला, तो एका वेळी एकाच गाडीला, त्यामुळे या गाडीला शून्यापासून सुरुवात. शेवटी एका दलाल बाईंशी मी स्वतः बोलले. त्यांनी विचारलं, वर्षातले किती मैल कोण चालवणार? मी यांची वही उघडून सांगितलं : सई पाच हजार, मी अडीच. वर्षाला ७१२ पाउंड, त्यात मी वर्षभर जोड चालक. मला फक्त चार महिन्यांपुरतं घालून-काढून किती वाचेल तेही विचारलं. बदलाचं शुल्क दोन्ही वेळा ३० पाउंड, वाचणार त्याहून थोडंसंच. राहू दिलं.

शनिवार, २४ मे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी विमा सुरू, मग कर, मग किल्ली. जुन्या मालकाचा कर नव्याला मिळत नाही, विकल्या क्षणी संपतो. डीलरने आमच्यासमोर विक्री ऑनलाइन कळवली आणि नोंदणीपत्राची हिरवी चिठ्ठी हातात दिली. त्यावरचा बारा आकडी क्रमांक टाकून सईने फोनवरच वीस पाउंड कर भरला. काचेवर लावायला काही नाही, ते कागदी चकतीचं प्रकरण २०१४ मध्येच संपलं. पूर्ण नोंदणीपत्र, ज्याला ते 'लॉग बुक' म्हणतात, आठवड्याभरात टपालाने आलं. त्यावर ठळक लिहिलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही, म्हणून डीलरची पावती जपून ठेवली. मी चाकाला नारळ वाढवायचा का विचारलं. रस्त्यावर फोडायला नको, म्हणून नुसतं हळदकुंकू आणि घरातल्या घरात पेढा. नात गाडीला 'आजीची निळी' म्हणते. कागदांवर काहीही असो.

पहिली फेरी आर्नोस व्हेलला केली. राजा राममोहन रॉय ब्रिस्टॉलमध्ये २७ सप्टेंबर १८३३ ला वारले आणि त्यांची समाधी या दफनभूमीत आहे, द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली छत्री. आधीच्या दोन उन्हाळ्यांत इतके किल्ले-मठ पाहिले आणि इथे यायचं राहिलं होतं, कारण भाड्याच्या गाडीचे दिवस लांबच्या जागांसाठी राखलेले असायचे. त्या दगडी छत्रीखाली आम्ही अर्धा तास होतो. घाई नव्हती.

उन्हाळ्यात मी ७४ दिवस गाडी चालवली. त्यातले निम्मे तर पाळणाघर, दवाखाना, भारतीय किराणा. लंडनला मात्र गाडी नेली नाही, कुणी नेऊही नये. मध्य लंडनमध्ये शिरायचे २०२५ मध्ये दिवसाला १५ पाउंड होते, पार्किंग वेगळं. आम्ही टू टुगेदर रेलकार्ड काढलं, ३५ पाउंड, दोघांनी बरोबर प्रवास केला की तिकिटात एक तृतीयांश सूट, फक्त कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. दोन फेऱ्यांत वसूल.

आता आकडे, कारण ते विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. विमा ७१२, कर २०, नोव्हेंबरातली एमओटी ५०, सर्व्हिसिंग १९०, मागचे दोन टायर १३०. यात गाडीची वर्षाची घट म्हणून ८०० धरले. एकूण १,९०२ पाउंड, पाउंड ११५ रुपये धरला तर सुमारे दोन लाख एकोणीस हजार. दोन हजार चोवीसच्या भाड्याच्या दराने भागलं तर ४२ दिवस होतात. म्हणजे एकट्या आमच्यासाठी गाडी घेतली असती, तर बेचाळीस दिवसांच्या खाली भाड्याचीच स्वस्त होती. आमचे तर एकतीसच होत होते. यांच्या 'चार वर्षांत गाडी आली असती' मध्ये विमा, टायर, घट काहीच नव्हतं. मी हे दाखवल्यावर हे म्हणाले, "वही तुझ्याकडे कुणी दिली?"

निम्मा वाटा धरून आम्हाला वर्षाचे ९५१ पडले. पण ते निम्मे भरणारं आणि आठ महिने चालवणारं दुसरं कुणीतरी तिथे आहे म्हणून. माझ्या मैत्रिणीचा मुलगा एका मोठ्या शहरात मेट्रोशेजारी राहतो, त्याला गाडी नकोच आहे. ती मला विचारत होती, तिला मी भाड्याचीच घे म्हटलं, आणि स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड आधी काढ.

एक बोच राहिली. जूनमध्ये एकदा सईला अचानक गाडी हवी होती आणि मी यांना घेऊन वेल्सच्या डोंगरात होते. ती काही बोलली नाही, टॅक्सीने गेली. तेव्हापासून फ्रिजवर कागद लावला : आदल्या रात्री आठपर्यंत ज्याने नाव लिहिलं त्याची गाडी. निनादने त्यावर स्वतःचंही नाव लिहून ठेवलं होतं, एका रविवारसाठी, पुढे 'झोपण्यासाठी' असं.

नोव्हेंबरात एमओटी पास झाली, एका पुढच्या ब्रेक पॅडची सूचना आहे. मेच्या तिकिटांचे दर बघणं चालू आहे. माझा आयडीपी मार्चमध्ये संपतो. तो वर्षाचाच असतो, त्यामुळे तिकीट हातात आल्यावर एप्रिलमध्येच अर्ज करणार, आधी काढला तर तेवढे महिने पुण्यातच फुकट जातात. तिकिटाची छापील प्रत या खेपेला आधीच फायलीत लावायची आहे.